कुंकवाने बुजलेले नऊ स्क्रू

त्या मोटरसायकलच्या क्लच कव्हरला नऊ स्क्रू होते आणि त्या नऊच्या नऊ स्क्रूंशी माझं आजही वैर आहे. गाडी केव्हाच भंगारात गेली. पण डोळे मिटले तर कुठला स्क्रू कुठे होता आणि कुठल्याने किती छळलं, ते मी अजून सांगू शकते. हल्लीच्या गाड्यांना षटकोनी डोक्याचे बोल्ट येतात. पाना लावला, फिरवला, संपलं. तेव्हा स्टार स्क्रू असायचे. म्हणजे डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच. त्या खाचेत पेचकस नीट बसला नाही की घसरतो, घसरला की खाचेच्या कडा खातो, आणि दोन-तीनदा असं झालं की खाच जाऊन तिथे गुळगुळीत खड्डा उरतो. मग त्या स्क्रूला कितीही विनवा.

मी विनवण्या करणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. नाशिकला लागून, मखमलाबादच्या पुढे आमचा मळा होता. वर्षभर मेथी, कोथिंबीर, वांगी आणि दसऱ्याच्या बेताने झेंडू. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांची शंभर सीसीची मोटरसायकल होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पोती बांधून ते माल पंचवटीत बाजारात न्यायचे. त्यांचा माझ्यापेक्षा त्या गाडीवर जास्त जीव आहे असं मी आईला म्हणायचे. आई ‘असं बोलू नये’ म्हणायची, पण ‘तसं नाही’ असं ती कधी म्हणाली नाही.

मी आयटीआयला फिटर ट्रेड केला होता. वर्गात मुलगी मी एकटी. दोन वर्षं कानस घासून घासून माझ्या तळहातांना जे घट्टे पडले, ते बघून एका आत्याने आईला विचारलं होतं, ‘पोरीला दगड फोडायला पाठवता का?’ नानांनी मला अडवलं नाही, पण पाहुण्यांनी विचारलं की ‘मुलगी शिकती हाय’ एवढंच सांगायचे. काय शिकते ते सांगायचे नाहीत. फिटर हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलाच नव्हता. पास झाल्यावर मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांची गेटं पालथी घातली. सगळीकडे उत्तर एकच. सर्टिफिकेट बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग पुन्हा सर्टिफिकेट बघायचे आणि म्हणायचे, ‘पॅकिंगला जागा आहे, ताई.’ शेवटी गेले पॅकिंगला. दिवसभर औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायच्या आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायच्या. माझी निळी पत्र्याची पेटी घरी कोनाड्यात पडून होती. हातोडी, छिन्नी, पंच, पेचकस, पक्कड, दोन कानशी. विद्यावेतनातून एकेक करून घेतलेली. वर्षभर तिला माझ्याशिवाय कुणी उघडलं नव्हतं, आणि मीही उघडायचे ती फक्त तेलाचं फडकं फिरवायला.

त्या वर्षी दसऱ्याला दोन दिवस असताना गाडीचा क्लच गेला. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. अष्टमीच्या सकाळी नाना नव्या क्लच प्लेटा घेऊन, गाडी ढकलत गॅरेजवर गेले. संध्याकाळी तशीच ढकलत परत आले. गॅरेजवाल्याने कव्हर उघडायचा प्रयत्न केला होता. तीन स्क्रू गोल करून ठेवले आणि हात झटकले. ‘सगळे स्क्रू गंजून बसलेत. दसरा झाल्यावर आणा, कव्हरच फोडावं लागेल,’ म्हणाला.

दसरा झाल्यावर झेंडूला कोण विचारतो? मळ्यात झेंडू डोळे दिपतील असा फुलला होता. दसऱ्याच्या पहाटे तो पंचवटीत पोचला तर फुलं, दुपारनंतर पोचला तर कचरा. आमच्या वस्तीतला एकुलता टेम्पो बाकीच्यांची फुलं भरून मनमाडला निघून गेला होता. एसटीचा कंडक्टर पोती बघूनच हात जोडायचा. ती गाडी चालू झाली तरच आमची फुलं जाणार होती. दुसरा मार्ग नव्हता.

आणि मधला दिवस होता खंडेनवमीचा.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा दिवस. विळे, खुरपी, कोयता, कुऱ्हाड, पहार, झाडून सगळं धुवायचं, देवासमोर पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा मांडलं की दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गॅरेजं, वर्कशॉपं, सुतार, लोहार सगळ्यांचं हेच. त्या दिवशी नाशकात एक पाना उसना मिळायचा नाही. नानांनी त्या वर्षी सकाळी सकाळी सगळी हत्यारं मांडली, मग कोनाड्यातून माझी पेटी काढली आणि तिच्यातली हत्यारंही विळ्या-खुरप्यांच्या रांगेत मांडून ठेवली. मला विचारलंही नाही. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही. पाचेक मिनिटं टिकला.

कारण मी बाहेर पडवीत जाऊन गाडीसमोर बसले आणि कव्हर बघितलं. स्क्रूंची डोकी लालसर काळी दिसत होती. मला आधी वाटलं गंज. मग नखाने खरवडलं. तो गंज नव्हता, कुंकू होतं.

नानांची रीत मला तेव्हा आठवली. दर दसऱ्याला, पाडव्याला, दिवाळीला गाडी धुतली की ते इंजिनासमोर उकिडवे बसायचे आणि कव्हरच्या एकेका स्क्रूवर हळदकुंकवाचं बोट टेकवायचे. नवरात्राच्या माळा नऊ, गाडीचे स्क्रू नऊ, याचं त्यांना फार अप्रूप होतं. आलेल्यागेलेल्याला मोजून दाखवायचे. वर्षानुवर्षं ते ओलं कुंकू खाचेत बसलं, इंजिनाच्या उष्णतेने भाजलं, त्यात तेल मुरलं, धूळ मुरली, आणि खाच लाखेने भरावी तशी बुजून गेली. गॅरेजवाल्याचा पेचकस खाचेत गेलाच नव्हता, तो कुंकवावर फिरत होता. फिरणारच आणि घसरणारच.

मी आत जाऊन नानांना सांगितलं, स्क्रू निघतील. खाचा साफ करून, रॉकेल पाजून, वरून मार दिला तर निघतील. मला फक्त माझी हातोडी, पंच आणि पेचकस द्या.

‘आज हत्याराला हात लावायचा नाय,’ नाना म्हणाले.

‘मग उद्या फुलं कशी न्यायची?’

‘बघू.’

‘काय बघू? गाडी पण हत्यारच की. ती उद्या दसऱ्याच्या पहाटे चालली तर तुम्हाला चालते, आणि माझी हातोडी आज चालली तर पाप?’

‘गाडी वाहन हाय. हत्यार येगळं.’

‘कुणी ठरवलं?’

हा प्रश्न मी विचारायला नको होता. म्हणजे विचारायलाच हवा होता, पण ज्या आवाजात विचारला त्या आवाजात नको होता. नाना उठले. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते, म्हणून ते हळू बोलले की जास्त भीती वाटायची.

‘ऐक पोरी. पुजेतलं हत्यार उचललंस, तर ती पेटी या घरात राहणार नाय. भंगारवाल्याला घालीन. सांगून ठेवतो.’

एवढं बोलून ते झेंडू खुडायला मळ्यात निघून गेले. झेंडू हाताने खुडतात. विळा लागत नाही, त्यामुळे खंडेनवमीला चालतो. उद्या न्यायची सोय नसलेली फुलं माणूस दिवसभर खुडत बसणार होता, पण हातोडीला हात लावू देणार नव्हता. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा पुन्हा वेगळा राग आला.

आई सगळं ऐकत होती. ती पोती शिवत बसली होती. तिने हातातलं दाभण माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, ‘हे काय पुजेत नव्हतं.’

दाभणाने मी नऊ खाचा कोरल्या. आधी रॉकेलचा थेंब, मग टोक, मग फुंकर. लाल भुगा निघत होता, इतका की मांडीवर लाल थर बसला. शेजारची एक बाई कुंपणावरून बघून विचारून गेली की मी गाडीची ओटी भरते आहे का. सहा खाचा चांगल्या निघाल्या, नव्यासारख्या. तीन गॅरेजवाल्याने आधीच गोल करून ठेवलेल्या.

दाभणाचं काम तिथे संपलं. पुढे हत्यारच लागणार होतं.

मी हात धुतले. उगाचच धुतले, लगेच पुन्हा काळे होणार होते. देवासमोर गेले. समईच्या उजेडात माझी हातोडी कोयत्याशेजारी पडली होती, दांड्यावर कुंकवाची दोन बोटं, डोक्यावर झेंडूचं फूल. मी फार विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. मला दिसत होतं ते एवढंच की ही माझी हत्यारं एक वर्ष कोनाड्यात रिकामी पडली होती, कारण गेटवरच्या माणसांनी ठरवलं होतं की ती माझ्या हातात शोभत नाहीत. आता काम दारात येऊन उभं होतं, आणि आज देवाच्या नावाने तेच चाललं होतं. पेटी गेली तर जाईल. पण न वापरता जाणार नाही. मी फूल उचलून कोयत्यावर ठेवलं आणि हातोडी, पंच, छिन्नी, पेचकस, पक्कड अशी पाच हत्यारं पदरात घेऊन बाहेर आले.

आयटीआयमध्ये आमचे एक सर होते. ते सांगायचे, बसलेल्या स्क्रूला आधी मार द्यायचा, मग फिरवायचा. आपण उलटं करतो म्हणून फसतो. मी पेचकस खाचेत उभा बसवला, वरून हातोडीचे चार ठोके दिले. दणका बसला की आत धरलेली पकड सुटते. मग अंगाचा सगळा भार पेचकसावर टाकून फिरवला. एक बारीक ‘टक्’ आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. माझ्या तोंडून जे निघालं ते खंडेनवमीला शोभणारं नव्हतं, आणि आईने ऐकू न आल्यासारखं केलं.

सहा स्क्रू असे निघाले. सातव्याची खाच गेली होती. त्याच्या डोक्याच्या कडेला छिन्नीने घाव घालून एक नवी खाच पाडली, मग त्याच खाचेत छिन्नी तिरकी धरून उलट्या दिशेला ठोकत गेले. केसभर सरकला. पुन्हा ठोकलं, पुन्हा केसभर. निघाला. आठव्याला तसंच करताना छिन्नी सटकली आणि माझी बोटं फूटरेस्टवर आपटून सोलली. आईने धावत जाऊन हळद आणली आणि दाबून भरली. ती पूजेच्या ताटातलीच होती, मी बघितलं.

आठवा निघायला तास गेला. नववा निघालाच नाही. त्याचं डोकं खोल खळग्यात होतं आणि पूर्ण गोल झालं होतं. मी पंच मारला, रॉकेल ओतलं, शिव्या दिल्या, थोडा वेळ त्याच्याकडे पाठ करून बसले. मग छिन्नी घेऊन त्याचं डोकंच उडवलं. कव्हर हातात आलं. मागे राहिलेला तुकडा पक्कडीने धरला, तर तो इतका सहज फिरला की मला हसू आलं. सगळा ताठा डोक्यातच होता.

आतलं काम सोपं होतं. जळून काळ्या पडलेल्या प्लेटा काढल्या, नव्या तेलात बुडवून बसवल्या, प्लेटांबरोबर आलेलं कव्हरखालचं कागदी पॅकिंग बदललं, कव्हर लावलं. नऊऐवजी आठ स्क्रू आवळले. नववं भोक फवारणीच्या पंपाच्या एका जादा बोल्टने बंद केलं. दिसायला ओबडधोबड, पण तेलाचा एक थेंब गळला नाही. दिवस कलायला लागला तेव्हा मी पाची हत्यारं पुसून परत पाटावर ठेवली. कुंकू पुसलं गेलं होतं. ते मी पुन्हा लावलं नाही. मी उचलली होती, आणि ते दिसायला हवं होतं.

नाना मळ्यातून आले. आधी गाडीकडे बघितलं, मग आत जाऊन पाट बघितला, मग बाहेर आले. किक मारली. पहिला गियर टाकला. गाडी बांधापर्यंत गेली, वळली, परत आली. ते उतरले आणि पोती बांधायला लागले. मी ‘क्लच कसा वाटतो’ असं मुद्दाम विचारलं. त्यांनी आईला सुतळी मागितली.

दसऱ्याच्या पहाटे त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि सगळा झेंडू गेला. संध्याकाळी त्यांनी सोनं वाटलं. आईला दिलं, शेजाऱ्यांना दिलं, माझ्यासमोर आले आणि आपट्याची पानं माझ्या हातात न देता खांबाशी ठेवून पुढे गेले. मग पाटावरची हत्यारं एकेक करून जागच्या जागी ठेवली. माझी सोडून. माझी तिथेच पडली होती, विझलेल्या समईपुढे. ती मीच गोळा करून पेटीत भरली. कोनाड्यात ठेवली नाही. दाराजवळ ठेवली, समोर, भंगारवाल्याला शोधायला नको म्हणून.

भंगारवाला पुढच्या आठवड्यात आला. त्याची आरोळी ऐकून मी हातातलं काम टाकलं. बढाई मारायची तर म्हणेन की मला फरक पडला नाही, पण मी दाराआड उभी राहून ऐकत होते. त्याने विचारलं, ‘काही हाय का?’ नाना खाटेवर बसले होते. पेटी त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी पेटीकडे बघितलं. मग म्हणाले, ‘नाय.’

पण माझ्याशी बोलायला त्यांना दिवाळी उजाडावी लागली, आणि तेव्हाही ते पेटीबद्दल काही बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. कशाची मागायची?

मधल्या काळात मी गॅरेजवाल्याकडे जाऊन त्याला सांगितलं की स्क्रू गंजून बसले नव्हते, कुंकवाने भरले होते. तो आधी हसला. मग त्याच्याकडे पडलेल्या दोन गाड्यांची कव्हरं मला दाखवली. त्यांच्याही खाचा लाल होत्या. पुढे रविवारी रविवारी तो अडलेली कव्हरं आमच्या पडवीत आणून टाकायला लागला आणि मी ती सोडवायला लागले. पॅकिंगची नोकरी मी उन्हाळ्यात सोडली. दिंडोरी रोडला माझं स्वतःचं वर्कशॉप व्हायला दोन हजार साल उलटावं लागलं, तो वेगळा त्रास आहे. पडवीतल्या त्या कामाकडे नाना दर रविवारी खाटेवर बसून बघायचे. फक्त बघायचे.

मग पुढची खंडेनवमी आली.

सकाळी नानांनी गाडी धुतली. हळदकुंकवाचं ताट घेऊन इंजिनासमोर उकिडवे बसले. बोट कुंकवात बुडवलं, कव्हरपाशी नेलं आणि तिथेच थांबले. त्या फवारणीच्या पंपाच्या बोल्टकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी हेडलाइटच्या काचेवर एकच बोट टेकवलं.

आत येऊन त्यांनी हत्यारं मांडली. विळे, खुरपी, कोयता. माझी पेटी उघडली आणि कानशी, मी वर्षभरात घेतलेली करवत, पाने सगळं धुऊन रांगेत लावलं. हातोडी, पंच, छिन्नी, पेचकस आणि पक्कड मात्र खिडकीत ठेवली. कोरडीच, कुंकू न लावता.

शेजारचे एक म्हातारे पूजेला आले होते. त्यांची नजर खिडकीकडे गेली. ‘ही पाच राहिली का रं? पुजल्याबिगर हत्यार ठेवू नये.’

मी दारात उभी होते. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. समईची वात सारखी करत ते म्हणाले, ‘आमची पोरगी फिटर हाय. पुजेत ठेवली तरी उचलणारच ती. राहू दे बाहेर.’